कोरड्या डोळ्यांचा नित्यनेम



वरंधसारख्या गावी व्याख्यानाला उभा राहणारा मनुष्य या घाटाचा इतिहास सांगेल, कावळ्या किल्ल्याच्या पहाऱ्याविषयी बोलेल, किंवा येथून जवळच असलेल्या शिवथरच्या घळीत जो ग्रंथ सिद्ध झाला असे परंपरा मानते त्या दासबोधातील एखाद्या समासाचे विवरण करील, अशी श्रोत्यांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी नेत्रवैद्य आहे. म्हणून माझ्या व्यवसायातील असा एक विषय मी निवडला आहे की ज्याला रोगांच्या यादीत मानाचे स्थान मिळत नाही, ज्याच्यासाठी शिबिरे भरत नाहीत, ज्याने दृष्टी कायमची जाण्याचा प्रसंग क्वचितच ओढवतो, परंतु जो वाचन, शिवणकाम, स्वयंपाक आणि वाहन चालवणे ही रोजची साधी कामे माणसाला नकोशी करून सोडतो. डोळ्यांचा कोरडेपणा आणि त्यावरची दैनंदिन निगा, हा तो विषय होय. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर मुलांना वाचायला लावले. वाचणाऱ्या डोळ्याची काळजी हा विषय त्यांच्या स्मृतीशी विसंगत ठरणार नाही, असा मला विश्वास वाटतो.

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा मुलखातील माणसाला तुझे डोळे कोरडे आहेत असे सांगितले, तर त्याचा त्यावर विश्वास बसत नाही. त्यातून रुग्ण जी तक्रार घेऊन येतो ती बहुधा अगदी उलट असते. डोळे चरचरतात, कुसळ गेल्यासारखे खुपते, संध्याकाळी पापण्या जड होतात, सकाळी त्या चिकटलेल्या असतात, हे सर्व तो सांगतो. पण सर्वांत ठासून सांगतो ते हे, की वाऱ्यावर गेले, चुलीपाशी बसले किंवा दोन ओळी वाचल्या की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहते. ज्याच्या डोळ्यांतून पाणी वाहते त्याचे डोळे कोरडे कसे, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नीट समजले नाही तर पुढे सांगावयाचा सारा नित्यनेम निरर्थक वाटेल.

अश्रू दोन प्रकारे येतात. एक प्रवाह अहोरात्र, आपल्या नकळत, अगदी मंदपणे पाझरत असतो आणि डोळ्याचा पृष्ठभाग ओला, गुळगुळीत व पारदर्शक ठेवतो; दुसरा संकटकाळी येतो, धूर लागला, कण गेला, दुःख झाले की येतो, आणि आला तसा गालांवरून वाहून जातो. पहिल्या प्रवाहात न्यून आले, अथवा तो पुरेसा असूनही फार लवकर वाळू लागला, की बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला आपण पारपटल म्हणतो, उघडा पडतो. शरीरातील अत्यंत संवेदनशील भागांत त्याची गणना होत असल्यामुळे तो तत्काळ आक्रोश करतो, आणि त्या आक्रोशाला उत्तर म्हणून दुसरा प्रवाह लोटतो. हे लोटलेले पाणी नुसते पाणीच असते. पृष्ठभागाला धरून राहण्याचा गुण त्याच्या ठायी अल्प असल्याने ते ओघळून जाते आणि मागे डोळा पुन्हा कोरडाच राहतो. वाहणारे पाणी हेच कित्येकदा कोरडेपणाचे लक्षण असते. परंतु ते दिसत असल्यामुळेच रुग्ण, त्याच्या घरचे आणि कधीकधी आम्ही वैद्यही फसतो. वर्षानुवर्षे पदराने डोळे टिपणाऱ्या किती वृद्ध स्त्रियांना वयोमान झाले एवढे सांगून परत पाठवले गेले असेल, याचा विचार मनात आला की मला फार अस्वस्थ वाटते.

पहिल्या प्रवाहाची रचना पाहण्यासारखी आहे. डोळ्यावरचा अश्रूंचा थर जाडीला एका मिलिमीटराच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम तिप्पट असतो, परंतु तेवढ्यातही त्याची व्यवस्था आहे: पृष्ठभागाला बिलगून राहणारा श्लेष्मल अंश तळाशी, अश्रुग्रंथीतून येणारे क्षारयुक्त पाणी त्यावर, आणि सर्वांच्या वर, पेजेवर धरलेल्या सायीसारखे, स्निग्ध द्रव्याचे अतिसूक्ष्म आवरण. हे स्निग्ध द्रव्य पापण्यांच्या कडेला ओळीने उघडणाऱ्या ग्रंथींतून येते. १६६६ साली हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने त्यांचे सविस्तर वर्णन केले आणि त्यांना आजही त्याचेच नाव आहे. वरच्या पापणीत या ग्रंथी सुमारे पंचवीस ते चाळीस, खालच्या पापणीत सुमारे वीस ते तीस असतात. प्रत्येक वेळी पापणी पूर्ण मिटली की त्यांच्यावर दाब येऊन थोडा स्नेह बाहेर येतो आणि उघडताना तो सर्वत्र पसरतो. हा स्नेह घट्ट झाला, ग्रंथींची तोंडे बुजली, म्हणजे पाणी कितीही असो, ते काही क्षणांत उडून जाते. कोरडेपणाच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये बिघाड थोडाफार तरी या ग्रंथींत असतो; आणि म्हणूनच मी सांगणार आहे त्या निगेचा मोठा भाग डोळ्याच्या बाहुलीशी संबंधित नसून पापणीच्या कडेशी संबंधित आहे.

आता आपल्या मुलखातील कारणे पाहू. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत येथे राब भाजण्याचे काम चालते. कवळ, शेण, पालापाचोळा यांचे थर रचून ते पेटवले, की सारा दिवस धूर डोंगराच्या कुशीत कोंडून राहतो, आणि तो उन्हाचा, वाऱ्याचा, हवा कोरडी असण्याचा काळ असतो. घरात फुंकणीने चूल फुंकणाऱ्या बाईचे डोळे त्या धुरापासून वीतभर अंतरावर असतात. गॅस आला तरी आंघोळीचे पाणी अद्याप पुष्कळ घरी लाकडांवरच तापते. भाताच्या झोडणीच्या दिवसांत कुसळे आणि भुसा उडतो. घाटातून मोटारसायकलीवर उघड्या तोंडाने जाणाऱ्या तरुणाच्या डोळ्यांवरचा थर वाऱ्याने पुसून जातो. महाडच्या कारखान्यांत बाष्प आणि धूळ यांच्याशी काहींचा नित्य संबंध येतो. या जुन्या कारणांत गेल्या काही वर्षांत मोबाइलची भर पडली आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. एकाग्रतेने पडद्याकडे पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, आणि त्यातल्या कित्येक वेळा पापणी अर्धीच मिटते, म्हणजे स्नेह पिळून निघत नाही.

शरीराकडूनही कारणे येतात. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये हा विकार विशेष आढळतो. सर्दी-पडशाच्या व अंगाला खाज सुटण्याच्या काही गोळ्या, मनोविकारावरील काही औषधे, मुरुमांवरील एक प्रभावी औषध यांनी अश्रू अथवा स्नेह कमी होतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने चरचर वाढू शकते. शिबिरातून ऑपरेशन करून आलेल्या आजीला दिसू तर लागले, पण डोळा खुपतो म्हणून ऑपरेशन बिघडले अशी तिची समजूत होते, तेव्हा हे तिला आधी सांगितलेले बरे. एका गोष्टीकडे मात्र मी आवर्जून लक्ष वेधतो. १९३३ साली स्वीडनमधील हेन्रिक श्यॉग्रेन या नेत्रवैद्याने कोरड्या डोळ्यांच्या १९ स्त्रियांचा अभ्यास आपल्या प्रबंधात मांडला. त्यांतील तेरा जणींना सांध्यांचाही विकार होता. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच ग्रंथींवर उलटल्याने होणाऱ्या त्या रोगाला आज त्याचे नाव आहे. ज्या बाईचे डोळे कोरडे, तोंड इतके कोरडे की भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, आणि सकाळी बोटांचे सांधे आखडतात, तिने केवळ डोळ्यांच्या थेंबांवर समाधान मानू नये. तिच्या रक्ताची तपासणी झाली पाहिजे.

या विषयावर जगभरच्या तज्ज्ञांनी २००७ आणि २०१७ साली एकत्र बसून विस्तृत अहवाल तयार केले. दुसऱ्या अहवालात उपचारांच्या पायऱ्या क्रमाने मांडल्या आहेत आणि पहिल्या पायरीवर काय आहे ते पाहिले म्हणजे मला आजचे व्याख्यान द्यावेसे का वाटले ते कळेल: रुग्णाला रोग समजावून देणे, भोवतालची हवा व सवयी सुधारणे, पापण्यांची स्वच्छता, ऊबदार शेक आणि कृत्रिम अश्रू. यातील थेंबांची बाटली सोडली तर विकत घ्यावे असे फारसे काहीच नाही. मात्र जे आहे ते रुग्णाने स्वतः, रोज, महिनोन् महिने करावयाचे आहे. वैद्याने दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून द्यावी आणि रुग्णाने ती दुकानात द्यावी, एवढ्यावर ज्याचा बंदोबस्त होतो असा हा विकार नव्हे.

तो नित्यनेम असा. सकाळी तोंड धुण्याच्या वेळी स्वच्छ सुती पंचाची घडी ऊन पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावी. ऊब सोसवेल इतकीच असावी. घडी आधी मनगटाच्या आतल्या बाजूस लावून पाहावी, कारण पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असते. ग्रंथींतील घट्ट झालेला स्नेह पातळ होण्यास पापणीला सुमारे चाळीस अंशांची ऊब पाच ते दहा मिनिटे मिळावी लागते, आणि ओला कपडा दोनएक मिनिटांतच निवतो; तेव्हा तो पुनःपुन्हा ऊन पाण्यात बुडवणे हाच या कृतीचा प्राण आहे. बहुतेक रुग्ण एकदा घडी ठेवून उठतात आणि शेकाने गुण आला नाही म्हणतात. शेक झाला की लागलीच, स्नेह पातळ आहे तोवर, हात साबणाने धुतलेले असताना, बोटाच्या पेराने वरच्या पापणीवरून खाली केसांच्या दिशेने आणि खालच्या पापणीवरून वर केसांच्या दिशेने हलकेच काही वेळा निरपावे. बुबुळावर दाब देऊ नये; डोळे चोळणे तर कटाक्षाने टाळावे. त्यानंतर उकळून निववलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पापण्यांच्या केसांच्या मुळाशी साचलेली खपली व चिकट द्रव्य आडवे पुसून काढावे. दोन्ही डोळ्यांना निराळा कापूस घ्यावा. केसांच्या मुळाशी कोंडा फार असेल तर तेथे कोणते द्रव्य वापरावे ते वैद्याला विचारावे. हा सगळा विधी पंधरा मिनिटांचा आहे. ज्यांचा त्रास अधिक आहे त्यांनी तो रात्रीही करावा. गुण स्थिर झाला की एक वेळ पुरतो, परंतु अजिबात सोडला की काही आठवड्यांत तक्रार परत येते.

कृत्रिम अश्रूंविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण येथे पैसा वाया जातो. डोळ्यावर एका वेळी मावणारे अश्रू बाटलीतल्या एका थेंबाच्या जेमतेम पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतके असतात. म्हणून एका वेळी एकच थेंब पुरे. दुसरा लगेच टाकला तर तो पहिल्याला घेऊन गालावर येतो. दुसरे औषध असेल तर मध्ये निदान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. खालची पापणी किंचित ओढून, बाटलीचे टोक केसांना अथवा बोटाला न लावता, थेंब टाकून डोळा मिनिटभर शांतपणे मिटावा. बऱ्याच बाटल्यांत जंतू वाढू नयेत म्हणून एक परिरक्षक द्रव्य घातलेले असते. ते दिवसातून दोन-चार वेळा चालते, परंतु ज्याला त्याहून अधिक वेळा थेंब लागतात त्याच्या पारपटलाला तेच द्रव्य अपाय करू लागते, आणि अशांनी परिरक्षकविरहित थेंब मागून घ्यावेत. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी व महिन्यानंतर उरलेले औषध टाकून द्यावे, मग ते निम्मे का शिल्लक असेना. आणि थेंब डोळे खुपू लागण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी घालावेत; राबाच्या कामाला निघण्यापूर्वी घातलेला थेंब धुरातून आल्यावर घातलेल्या थेंबापेक्षा कितीतरी अधिक उपकारक होतो. झोपेत ज्यांच्या पापण्या पूर्ण मिटत नाहीत त्यांनी रात्री दाट जेल किंवा मलम वापरावे, आणि पंख्याचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नये.

निषेधाच्या गोष्टी सांगताना माझा स्वर थोडा कठोर होईल. त्याबद्दल क्षमा असावी. मध, लिंबाचा रस, कांद्याचा रस, एरंडेल, मातेचे दूध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. चरकसंहितेत दिनचर्येत अंजनाचा उपदेश आहे आणि सुश्रुताने शुष्काक्षिपाक नावाने डोळ्याच्या कोरडेपणाचे वर्णन केले आहे, याचा आपल्याला अभिमान वाटावा. परंतु त्या ग्रंथांच्या नावावर बाजारात मिळणाऱ्या, अज्ञात घटकांच्या सुरम्याला त्यांचा आधार मिळत नाही, कारण कित्येक सुरम्यांत शिसे आढळलेले आहे, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. याहून भयंकर गोष्ट म्हणजे लाली चटकन घालवणारे, स्टेरॉइड असलेले थेंब चिठ्ठीवाचून घेणे. त्यांनी दोन दिवस सुख वाटते, आणि महिनोन् महिने वापरले तर काचबिंदू व मोतीबिंदू पदरी पडतो. झोडणीच्या दिवसांत कुसळाने पारपटलाला ओरखडा पडलेला असेल तर बुरशीचा संसर्ग होण्याचा संभव असतो, आणि त्या स्थितीत हेच थेंब डोळा घालवू शकतात. वैद्याने स्वतः तपासून, ठरावीक मुदतीसाठी ते दिले तर प्रश्न निराळा.

वाचनाविषयी दासबोधाचा आधार घेतो. एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात अक्षराचा आकार, ओळींतील अंतर, शाई आणि कागद यांचा विचार करता करता समर्थ रामदासांनी सांगितले आहे की तारुण्यात फार बारीक लिहिलेले म्हातारपणी कामाला येत नाही, म्हणून अक्षर मध्यम असावे. डोळ्यांचे पुढचे आयुष्य ध्यानात घेऊन आजची सवय ठरवावी, हा विवेक या डोंगरातून निघालेल्या ग्रंथात आहे, याचे मला फार मोल वाटते. आजच्या माणसाने मोबाइलमधील अक्षर मोठे करावे. पडदा दृष्टीच्या रेषेपेक्षा खाली धरावा, म्हणजे पापणी थोडी उतरलेली राहून उघडा भाग कमी होतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर पाहावे, आणि त्या अवकाशात आठ-दहा वेळा डोळे सावकाश, पूर्ण मिटावेत, मिटल्यावर क्षणभर थांबावे. मोटारसायकलीवर शिरस्त्राणाची काच खाली असावी. एस.टी.त खिडकीचा वारा डोळ्यांवर येईल अशी जागा टाळावी. चुलीला धुराडे असावे. ते घरातील पुरुषांनी बांधून द्यावे, हे मी आग्रहाने सांगतो, कारण धूर सोसणे हा बाईच्या जन्माचा भाग आहे असे मानण्याचा शिरस्ता आता बंद झाला पाहिजे.

माशांच्या तेलाच्या गोळ्यांविषयी लोक विचारतात. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पाचशेहून अधिक रुग्णांपैकी काहींना माशाचे तेल व इतरांना ऑलिव्हचे तेल वर्षभर दिले, तेव्हा दोन्ही गटांत सारखाच फरक दिसला. बांगडा, पेडवे परवडत असतील तर अन्न म्हणून जरूर खावेत. गोळ्यांसाठी कर्ज काढण्याचे कारण नाही.

लहान मुलांच्या बाबतीत कोरडेपणाचा अर्थ निराळा असू शकतो. तिन्हीसांजेला मूल चाचपडू लागले, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा राखाडी डाग दिसला, तर तो ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव असतो, आणि तेथे शेक व थेंब यांत एक दिवसही दवडू नये. १९७० पासून शासनाची या जीवनसत्त्वाची योजना चालू आहे. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंतचे डोस मुलाला मिळाले आहेत की नाहीत हे अंगणवाडीच्या दप्तरात पाहून घ्यावे. शेवग्याचा पाला, अळू, पपई ही तर परसातच असतात.

गुण किती दिवसांत येतो, असे मला रोज विचारले जाते. थेंबांनी घटकाभर बरे वाटते. पापण्यांच्या निगेचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या पंधरवड्यात तर काहीच पालट जाणवत नाही. त्याच पंधरवड्यात बहुसंख्य लोक कंटाळून थांबतात. ज्यांना नेमाने करूनही आराम पडत नाही त्यांच्यासाठी दाह शमवणारी निराळी औषधे आहेत, अश्रू वाहून नेणारी सूक्ष्म छिद्रे बुजवण्याचा उपाय आहे. पण तो निर्णय तपासणीनंतरचा.

तपासणी सोपी आहे. ऑटो शिर्मर याने १९०३ साली सुचवलेली कागदाची पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटे अडकवतात आणि ती किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. पाचाहून कमी भिजली तर अश्रू निश्चित अपुरे. याखेरीज रंगाचा थेंब घालून थर किती सेकंदांत तुटतो ते पाहतात. डोळा अतिशय दुखू लागला, एकच डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, दृष्टी मंदावली, किंवा काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसला, तर ही तपासणी पुढे ढकलू नये, त्याच दिवशी निघावे. इतरांनी मात्र सवडीचा काळ निवडावा. पावसाळ्यात हा घाट वारंवार बंद होतो आणि भोर-पुण्याचा रस्ता तुटतो. फाल्गुनात राब पेटतात. भात घरात आल्यावर मार्गशीर्ष-पौषात हात मोकळे असतात, रस्ता खुला असतो, आणि धुराचे दिवस अद्याप दोन महिने दूर असतात. त्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः आजींना, डोळे दाखवायला घेऊन जावे. सोबत घरात असलेल्या सर्व गोळ्या आणि डोळ्यांच्या सर्व बाटल्या, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्याव्यात, म्हणजे आजवर डोळ्यात काय काय गेले हे वैद्याला विचारत बसावे लागणार नाही.